पाण्यात पाहिलेली धाकटी

मी धाकट्या जावेला पाण्यात पाहते, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. म्हणू देत. ती दिवसाचा निम्मा वेळ पाण्यातच असते, मग मी तिला दुसरीकडे पाहणार तरी कुठे? पोहण्याच्या सार्वजनिक तलावावर ती शिकवते, आणि त्याच तलावाच्या दारात खिडकीमागे बसून मी लॉकरच्या चाव्या देते. एकाच घरात दिलेल्या दोघी, एकाच ठिकाणी नोकरीला. तिच्या गळ्यात शिट्टी आणि माझ्या गळ्यात चष्म्याची दोरी.

आता आमच्या कर्मचारी संघाला त्यांच्या अंकात तिच्यावर लेख हवाय. हल्ली तिचं नाव बरंच झालंय, का झालंय ते पुढे येईलच. संघाचे चिटणीस परवा खिडकीशी येऊन लाडीगोडी लावत म्हणाले, "तुमच्याइतकं जवळून त्यांना कोणी पाहिलंय?" माझ्यावर लेख लिहा असं त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, मी चौकशी केली. ठीक आहे, लिहिते. त्यांना हवं ते ते छापतील, बाकीचं माझ्यापाशी राहील.

धाकटी घरात आली तेव्हा सासूबाईंनी नाक मुरडलं होतं. उंच, रुंद खांद्यांची, हात हे एवढे लांब. "ही सून आहे की नावाडी?" असं त्या माझ्या कानात म्हणाल्या, आणि मला तेव्हा इतकं बरं वाटलं की मी त्या दिवशी घरातली सगळी भांडी आनंदाने घासली. पण पुढे सासूबाईंचे गुडघे धरले. धाकटीने त्यांना तलावावर नेलं, कमरेइतक्या पाण्यात हाताला धरून चालवलं, आणि तिथून जे "माझी धाकटी, माझी धाकटी" सुरू झालं ते त्यांचे डोळे मिटेपर्यंत. त्यांचं पथ्य, औषधं, अंघोळ, रात्रीची उठबस हे सगळं थोरलीने केलं. थोरली म्हणजे मी. त्याबद्दल कोणी काही बोलल्याचं मला आठवत नाही.

आमच्या तलावावर माणसांचे दोनच प्रकार, ओले आणि कोरडे. शिकवणारे, शिट्टीवाले, पाणी साफ करणारे ते ओले. चाव्यावाले, कचेरीतले, झाडूवाले ते कोरडे. कोरड्यांना ओले लोक मान देतात, पण जीव देत नाहीत. मी पक्की कोरडी. इतकी वर्षं झाली, त्या पाण्यात मी पायाचा अंगठासुद्धा बुडवलेला नाही. धाकटी अधूनमधून म्हणते, "जाऊबाई, चला की एकदा. मी धरते." म्हणजे तिने धरायचं, मी तिच्या हातांवर तरंगायचं, आणि काचेपलीकडून सगळ्यांनी ते बघायचं. नको रे बाबा.

तरी खोटं लिहिणार नाही. शिकवावं तर तिनेच. भित्र्या बाईला ती कधी "घाबरू नका" म्हणत नाही. त्या बाईशी घरच्या गोष्टी काढते, कोणाचा नवरा घोरतो, कोणाची सून बोलत नाही, आणि बाई तावातावाने सांगत असताना हळूच मानेखालचा हात काढून घेते. बाईला कळतं तेव्हा ती तरंगत असते. मग ती बाई जन्मभर धाकटीची होते. असं गावातल्या निम्म्या बायका तिने खिशात टाकल्यात.

बंद तास हीसुद्धा तिचीच कल्पना. तलावाची रस्त्याकडची भिंत काचेची आहे. काच मोकळी असते तेव्हा पुरुष, बायका, मुलं सगळेच येतात; त्याला आम्ही उघडा तास म्हणतो. बुधवारी दुपारी काचेवर पडदा ओढतात, आत फक्त बायका. तो बंद तास. यात देवधर्माचा काही संबंध नव्हता. कोणाचं ऑपरेशन झालेलं, कोणी बाळंतपणानंतर सुटलेली, कोणाला अंगावरचे डाग दाखवायचे नसायचे, अशांसाठी तो सुरू झाला. धाकटीला स्वतःला देवाचं नाव काढलं की जांभई येते. पण आम्हा तलाववाल्यांच्या तोंडी ते दोन शब्द इतके बसलेत की आम्ही 'तास' म्हणायचंही सोडून दिलंय. "तुम्हाला उघडा पाहिजे की बंद?" असं मी खिडकीतून विचारते, आणि नवीन माणूस माझ्याकडे बघतच राहतो.

आता माझ्या लेकीकडे येते. तिचं नाव आम्ही भिंगरी पाडलं होतं, एका जागी बसेल तर शपथ. तिला पोहायला काकूने शिकवलं, सायकल काकूने शिकवली, शिट्टी वाजवायलाही काकूनेच. धाकटीला मूलबाळ नाही. मी एकदा रागाच्या भरात म्हणाले होते की स्वतःला नाही म्हणून माझं घेतलं. ती टॉवेल घेऊन निघून गेली. नवऱ्याने मला दोन दिवस तोंड दाखवलं नाही. पण मला अजूनही तसंच वाटतं, मग ते वाईट का असेना. शाळेत 'माझी आवडती व्यक्ती' असा निबंध आला तेव्हा भिंगरीने काकूवर लिहिला. शिक्षिका माझ्यापुढे कौतुकाने तो वाचून दाखवत होत्या, आणि मी हसत उभी होते, गाल दुखेपर्यंत.

कॉलेज संपल्यावर भिंगरी पांढऱ्यांकडे गेली. ते स्वतःला शुद्ध मंडळी म्हणवतात; गाव त्यांना पांढरे म्हणतं, कारण त्यांच्या बायका कपाळापासून पायाच्या नखापर्यंत पांढऱ्या कपड्यात असतात. गाणं नको, फोटो नको, मोठ्याने हसणं नको. मुलींसाठी त्यांचं वसतिगृह आहे. घरून आलेली पत्रं आधी तिथल्या मोठ्या बाई वाचतात, फोन तर दारातच काढून घेतात. मी हातापाया पडले, रडले, ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "आई, तिथे मला कोणी कोणाशी तोलत नाही."

हे मला लागलं. आणि तोलायचं नाही तर काय करायचं? जगात सगळे तोलतातच की. मला नाही का तोललं आयुष्यभर, आणि तेही एकाच माणसाशी.

पांढऱ्यांच्या नियमांत एक फट राहिली होती. आतमध्ये फक्त बायका, काचेवर पडदा, अंगभर कपडा, आणि मोठ्या बाई बाकावर बसून लक्ष ठेवणार, एवढं असेल तर मुलींना पोहायला हरकत नव्हती. म्हणून भिंगरी बुधवारच्या बंद तासाला यायची, स्वतः शिवलेला अंगभर कॉस्च्युम पिशवीत घालून. घरी ती येत नव्हती. फोन नव्हता. माझी मुलगी मला दिसायची ती फक्त खिडकीतून, चावी घ्यायला हात पुढे करेल तेवढीच.

"जेवतेस ना नीट?"

"हो."

"हाताला काय झालं?"

"सुई टोचली."

"कुठली चावी देऊ?"

"कुठलीही दे, आई."

कुठलीही नव्हे. तिच्यासाठी मी कोपऱ्यातल्या मोठ्या लॉकरची चावी सकाळपासून बाजूला काढून ठेवायचे. तिला ते कधी कळलं की नाही कोणास ठाऊक. ती आत जायची, पडदा ओढला जायचा, आणि जरा वेळाने आतून तिचं हसणं ऐकू यायचं, मोठ्याने, मोठ्या बाईंची पर्वा न करता. काकू काहीतरी बोललेली असायची. मी कोरडी, खिडकीत. कान तिकडे लावून चाव्या पुन्हा पुन्हा मोजत बसायचे. तरी बुधवारची वाट मी मंगळवारपासून बघायचे.

मग ते डांबराचं प्रकरण झालं. तलावाच्या फाटकावर धाकटीचा मोठा फोटो होता, उडी मारायच्या पवित्र्यातला. एका सकाळी बघतो तर तिच्या दंडांवर आणि मांड्यांवर डांबर फासलेलं. चेहरा तसाच ठेवला होता. त्याच आठवड्यात वाद्यांच्या दुकानाची काच फुटली आणि वाचनालयाच्या पायरीवर पुस्तकं जाळलेली सापडली. पांढऱ्यांपैकी काही तरुण पकडले गेले. त्यांना पश्चात्ताप तर सोडाच, ते पोलिसांच्या गाडीतून हात हलवत होते. फोटो बघून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते चिटणीसांना छापता येणार नाही. दुसऱ्यांदा मात्र मी घाबरले, कारण ज्यांनी हे केलं त्यांच्या घरात माझी मुलगी झोपत होती.

सगळीकडे अशाच बातम्या होत्या, आणि लोक चिडले होते. कायदा करा, अशी मागणी झाली. विधिमंडळात मसुदाही आला. शाळा, दवाखाने, कचेऱ्या, तलाव, जिथे जिथे सरकारी पैसा आहे तिथे डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा धार्मिक पोशाख चालणार नाही. लोकांचं म्हणणं ऐकायला एक समिती गावोगाव फिरणार होती.

त्या रविवारी जेवायला आम्ही चौघे होतो, दोघे भाऊ आणि आम्ही दोघी. विषय निघाला आणि भाजी निवून गेली.

"चांगला कायदा आहे," मी म्हणाले. "उशीरच झालाय."

"जाऊबाई, डांबर फासलं ते पुरुषांनी," धाकटी म्हणाली. "आणि बंदी कोणावर, तर पोहणाऱ्या बायकांवर. हे कसलं गणित?"

"तुझ्या फोटोला फासलं ना? तरी तुला पुळका?"

"पुळका नाही. मला त्यांचं तोंड बघवत नाही. पण त्या मुली आठवड्यातून एकदा बाहेर पडतात. तेवढं दार बंद केलं तर कोण खूश होणार? तेच ना?"

दीर म्हणाले, "कायद्याने मन बदलत नाही."

"मन नाही बदलत," आमचे हे म्हणाले, "पण हात आखडतो. आज कपडा आहे, उद्या म्हणतील बायकांनी शिकूच नये. कुठेतरी रेघ ओढावी लागते."

"रेघ ओढा की," धाकटी म्हणाली. "काच फोडणाऱ्याला आत टाका, पत्रं फोडणाऱ्याला टाका. मुलीने काय घालावं ते तिचं ती बघेल, ती सज्ञान आहे."

"सज्ञान म्हणे," मी म्हणाले. "पत्र वाचतात, फोन काढून घेतात, हसायची चोरी. तिच्या डोक्यात दिवसरात्र एकच भरवतात आणि वर म्हणायचं की ही तिची निवड. प्यायलेल्या माणसाला आपण गाडीची किल्ली देतो का? त्या कपड्याच्या आत माझी मुलगी आहे."

"म्हणूनच तर म्हणतेय," धाकटी हळू आवाजात म्हणाली.

"माझ्या मुलीबद्दल तू मला शिकवू नकोस."

खरं सांगायचं तर मला दोन्ही गोष्टी दिसत होत्या. कायदा झाला तर पांढऱ्यांचं नाक कापलं जाणार होतं, आणि बंद तासाचा धाकटीचा तोराही उतरणार होता. पण कायदा झाला तर बुधवारी खिडकीत तो हात येणार नव्हता. हे दुसरं मी कोणाजवळ बोलले नाही. बोलले असते तर धाकटीचंच बरोबर ठरलं असतं.

समिती आली. नगरभवनाची खालची खोली गच्च भरली होती, मागे लोक उभे. वाद्यांच्या दुकानदाराने फुटलेल्या काचेचा तुकडा रुमालात गुंडाळून आणला होता. एक शिक्षिका पोटतिडिकीने कायद्याच्या बाजूने बोलल्या. वर्गातल्या दोन मुली अचानक झाकून आल्या आणि नंतर यायच्याच थांबल्या, असं त्यांनी सांगितलं. मग पांढऱ्यांचे म्होरके उठले आणि व्यक्तिस्वातंत्र्यावर बोलले. इतकं गोड, इतकं घोळवून, की माझ्या अंगाची लाही लाही झाली. दुसऱ्याच्या मुलीची पत्रं फोडणारा माणूस स्वातंत्र्याच्या गप्पा मारतो आणि कोणी त्याच्या थोबाडीत मारत नाही. त्याच्यामागून एक वकीलबाई बोलल्या, बुटक्या, सर्दी झालेल्या. "स्वातंत्र्य ज्यांना नकोय त्यांनाही ते द्यावं लागतं, ही लोकशाहीची अडचण आहे," त्या म्हणाल्या. "यांना वगळून दिलं तर ते स्वातंत्र्य उरत नाही, ती आपल्या माणसांची सोय होते." लोक कुरकुरले. मीही.

मग मला बोलावलं, तलावाची कर्मचारी म्हणून. मुलगी त्या मंडळीत आहे हे कोणीतरी अध्यक्षांच्या कानावर घातलं होतं. मी पाठ करून आले होते. डांबर सांगितलं, पत्रं सांगितली, फोन सांगितला. इतकी माणसं माझं ऐकतायत, हे आयुष्यात पहिल्यांदा होत होतं. धाकटी तिसऱ्या रांगेत बसली होती आणि तीही ऐकत होती.

तेवढ्यात मला भिंगरी दिसली. पांढऱ्या बायकांच्या रांगेत, कडेला. बाहीचं टोक दातात धरून चावत होती. लहानपणी परीक्षेच्या दिवशी ती असंच करायची आणि मी हातावर चापट मारायचे.

अध्यक्ष म्हणाले, "थोडक्यात सांगा, अशा महिलांच्या बाबतीत तलावाने काय करावं असं तुम्हाला वाटतं?"

पाठ केलेलं उत्तर होतं, 'त्यांना येऊच देऊ नका.' ते ओठांपर्यंत आलं आणि तिथून मागे गेलं. काय झालं मला कळलं नाही. मी म्हणाले, "त्यांच्यासाठी उघडा नको. बंद असू द्या."

आणि टाळ्या पडल्या. केवढ्या पडल्या. दुकानदार उभा राहिला, शिक्षिका डोळे पुसत मान हलवत होत्या. मला क्षणभर उमगेना की बंद तास राहू द्या म्हटलं तर कायदा हवा असणारे लोक टाळ्या का वाजवतायत. मग उमगलं. ती मंडळी तलाववाली नव्हती. त्यांनी ऐकलं, बंद करा.

सांगायला हवं होतं, कबूल. मी तोंड उघडणारच होते. पण माणूस आहे मी. टाळ्या चालू होत्या, त्या माझ्यासाठी होत्या, आणि त्या संपेपर्यंत मी थांबले. तेवढ्यात धाकटी उठली.

"माफ करा," ती म्हणाली, तो तिचा तलावावरचा आवाज, भिंतीला जाऊन आपटणारा. "जाऊबाईंना म्हणायचंय ते वेगळंच आहे. आमच्याकडे बंद म्हणजे..."

माझ्या तोंडचा शब्दसुद्धा हिनेच समजावून सांगायचा. सगळी खोली वळून तिच्याकडे बघायला लागली. भिंगरीसुद्धा.

"तू बस खाली," मी म्हणाले. "माझं मला बोलता येतं."

लोक हसले. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मग तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

"मी बोलले ते बोलले."

"आभारी आहे," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाला बोलावलं. धाकटीने हात वर केला, तिला सांगितलं वेळ संपली. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता, 'तलाव त्यांच्यासाठी बंदच असू द्या, आईचा टाहो.' पुढे विधिमंडळात कोणा आमदाराने तो वाचूनही दाखवला म्हणे. नातेवाइकांचे फोन आले. मी दोन दिवस मिरवले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. धाकटीने आयुष्यभर मिरवलंय.

कायदा झाला. बुधवारचा पडदा काढून धुवायला टाकला आणि परत लावला नाही. पडदा लावणंही त्यांना फूस देणं आहे, असं वरून कळवलं होतं. नुसत्या लाजणाऱ्या, ऑपरेशनवाल्या बायकाही बंद झाल्या. दारात पाटी लागली आणि अंगभर पोशाखात कोणी आलं तर अडवायचं काम खिडकीकडे आलं, म्हणजे माझ्याकडे. पहिले दोन बुधवार मी कोपऱ्यातली चावी काढून ठेवली. तिसऱ्या बुधवारी ती एका जाड बाईला दिली.

पांढऱ्यांचं नाक कापलं गेलंच नाही. म्होरक्यांनी मुलींना सांगितलं की बघा, बाहेरच्यांना तुम्ही नकोच आहात, आणि आठवड्याची ती एक फेरीही बंद झाली. धाकटीने जे भाकीत केलं होतं तेच झालं. त्याबद्दल ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. भिंगरी कशी आहे, हे मला एका भाजीवालीकडून कळायचं, जी वसतिगृहाच्या दाराशी टोपली लावायची. बारीक झालीय, एवढंच ती सांगायची.

असे काही महिने गेले. मग एका बुधवारी, उघड्या तासाला, दारात धाकटी उभी राहिली.

मी आधी ओळखलंच नाही. इतकी वर्षं उघड्या दंडांनी पाण्यात शिरणारी, देव म्हटलं की जांभई देणारी ही बाई कपाळापासून घोट्यापर्यंत पांढऱ्या कॉस्च्युममध्ये होती. फक्त चेहरा उघडा. मागे त्या सर्दीवाल्या वकीलबाई, आणि जरा अंतरावर कोणा पेपरचा फोटोवाला. रांगेतले लोक बाजूला झाले.

"जाऊबाई, चावी द्या," ती म्हणाली.

"हे काय सोंग?"

"पोहायला आलेय. कोणतीही द्या."

नोकरी जाऊ शकते तिची, हे तिला कळत होतं आणि मलाही. माझ्या मनात आलं की देऊन टाकावी चावी. खरंच आलं. पाटी गेली उडत. त्या कायद्याने माझं काय भलं केलं होतं? मी मागच्या फळीकडे हात नेला, चावी बोटात आलीही होती.

आणि मग माझी नजर तिच्या मनगटावर गेली. बाहीच्या टोकाला दुहेरी दुमड होती, आतून बारीक टीप घातलेली. ती दुमड मी ओळखते. मीच शिकवली आहे ती, घरी खिडकीशेजारी बसवून, बोटाला सुई टोचली की फुंकर घालत. भिंगरी बाहीचं टोक चावते म्हणून ते दुहेरी करायला मी तिला सांगितलं होतं. हा कॉस्च्युम भिंगरीने शिवला होता. त्या रुंद खांद्यांना तंतोतंत बसणारा. म्हणजे तिने माप घेतलं होतं. म्हणजे दोघी भेटल्या होत्या, कुठेतरी, कितीतरी वेळा, आणि मी भाजीवालीच्या तोंडाकडे बघत बसले होते. मला माझ्या लेकीने कधी साधा हातरुमाल शिवून दिला नाही.

"नियम आहे," मी म्हणाले. "या कपड्यात आत जाता येणार नाही."

नियमासाठी नाही म्हणाले मी. तो कपडा तिच्या अंगावर मला बघवेना.

धाकटीच्या चेहऱ्यावर राग आला नाही. उलट तिचे खांदे सैल पडले. "बरं झालं," ती म्हणाली. "लेखी द्या तसं. अडवल्याशिवाय कोर्टात दाद मागता येत नाही म्हणतात."

वकीलबाई नाक पुसत पुढे आल्या आणि पिशवीतून कागद काढू लागल्या. सगळं ठरवून आल्या होत्या. माझं नाही म्हणणंसुद्धा तिच्या कामाला येणार होतं; उद्या पेपरात तिचा फोटो, खाली तिचं नाव, आणि मी म्हणजे खिडकीतली एक बाई. ती मला इतकी पुरती ओळखत होती.

फोटोवाल्याच्या मागून कोणीतरी पुढे आलं. घरचे साधे कपडे, डोक्याला रुमाल, खरंच बारीक झालेली. दवाखान्याचं सांगून ती वसतिगृहातून बाहेर पडली होती, हे मला नंतर कळलं. परत घेतलं नसतं तर कुठे जायचं, हेही तिने ठरवलं नव्हतं. ती खिडकीशी आली आणि काठावर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"आई," ती म्हणाली, "त्या दिवशी तू बंद तास म्हणालीस, ते मला कळलं होतं. मी तुझ्याकडेच बघत होते."

मी मान हलवली.

"आमच्यात पैज लावत नाहीत. तरी आज मी काकूशी लावली. काकू म्हणाली, जाऊबाई अडवणार आणि आपलं काम होणार. मी म्हणाले, नाही, माझी आई आत सोडेल."

ती चिडून बोलत नव्हती. पोहून दमल्यावर बोलायची तशी बोलत होती. मग ती बाजूला झाली, कारण वकीलबाईंना जागा हवी होती. त्यांनी कागद काठावरून आत सरकवला, सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं, आणि मी केली.